डॉट ऑर्ग दिसलं म्हणून स्रोत पक्का होत नाही

प्रकल्पवह्यांचे दिवस आले की शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नववी-दहावीच्या मुलांना विश्वसनीय स्रोत ओळखायला शिकवणं हे पाच मिनिटांचं काम आहे. पत्ता डॉट ऑर्ग किंवा डॉट ईडीयू असेल तर माहिती घ्या. विकिपीडिया उघडू नका. तीच गोष्ट चार-पाच ठिकाणी सापडली की खरी धरा. पानाच्या शेवटी संदर्भांची यादी असेल तर निश्चिंत राहा. आणि सरकारी आकडा मिळाला की शोध थांबवा.

हेतू चांगला आहे, पण या खुणांवर विसंबणारी मुलं फसतात. कोकणातली मुलं ज्या विषयांवर प्रकल्प करतात, म्हणजे वादळं, कोकम, हापूस, जिल्ह्याची लोकसंख्या, त्याच विषयांवर हा मजकूर घासून पाहू.

“डॉट ऑर्ग, डॉट ईडीयू म्हणजे विश्वासार्ह”

डॉट ऑर्ग हा पत्ता पैसे भरून कोणालाही घेता येतो. तुम्ही संस्था आहात का, काय काम करता, हे कोणी विचारत नाही. आंबा विकणारा बागायतदारही तो घेऊ शकतो आणि ‘अस्सल हापूस फक्त आमच्याच तालुक्यात’ असं त्यावर लिहू शकतो. प्रत्यक्षात २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. विक्रेता खोटारडा असेलच असं नाही, पण त्याचा माल विकला जाण्यात त्याचा फायदा आहे, आणि ही गोष्ट पत्त्यावरून कळत नाही.

डॉट ईडीयू हा पत्ता मुख्यतः अमेरिकेतल्या उच्चशिक्षण संस्थांचा. आपल्याकडे डॉट एसी डॉट इन शिक्षणसंस्थांना आणि डॉट गव्ह डॉट इन सरकारी कार्यालयांना मिळतो. या दोन्ही शेपट्यांना थोडा अर्थ आहे, कारण त्या वाटेल त्याला मिळत नाहीत. तरीही त्यातून पान कोणाच्या दारातलं आहे एवढंच समजतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एखाद्या विद्यार्थ्याचा निबंधही असतो आणि वीस वर्षांपूर्वीची शिफारसही असते.

“विकिपीडिया नकोच”

विकिपीडिया प्रकल्पात ‘संदर्भ’ म्हणून लिहू नये, इतपत बरोबर. पण उघडूच नका म्हणणं म्हणजे विहिरीवर जाऊन रहाटाला हात लावू नका म्हणण्यासारखं. लेखातल्या वाक्याशेजारचा लहान आकडा दाबला की तळटीप उघडते आणि मूळ अहवालापर्यंत वाट मिळते. मुलांना शिकवायच्या जागा तीन: तळटीप, ‘इतिहास पहा’ आणि ‘चर्चा’. वादाच्या विषयात कोणतं वाक्य कितीदा बदललं हे इतिहासात दिसतं. मराठी विकिपीडियावर बऱ्याच लेखांना तळटिपा कमी आहेत, म्हणून त्याच विषयाचा इंग्रजी लेखही शेजारी उघडावा.

“चार-पाच ठिकाणी तेच मिळालं म्हणजे खरं”

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, म्हणून यावर जरा थांबू.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. त्या आठवड्यात ‘१२९ वर्षांनंतर महाराष्ट्रावर पहिलं चक्रीवादळ’ या अर्थाच्या बातम्या सगळीकडे फिरल्या. आजही शोधलं तर पाच काय, पन्नास ठिकाणी सापडतील. वरच्या नियमाने मूल हे वाक्य बिनधास्त वहीत उतरवतं.

आता वजाबाकी करा. २०२० वजा १२९ म्हणजे १८९१. त्या साली काय झालं? भारतीय हवामान खात्याचा जो चक्रीवादळांच्या मार्गांचा नकाशासंग्रह आहे, तो १८९१ पासूनच सुरू होतो. म्हणजे ‘१८९१ पासून’ याचा अर्थ ‘नोंदी आहेत तेव्हापासून’. १८९१ साली एक वादळ आलं आणि मग थेट २०२० मध्ये दुसरं आलं, असा तो अर्थ नाही. शिवाय मूळ मुद्दा जून महिन्यापुरता होता. ‘जून’ हा शब्द मथळ्यातून गळला आणि वाक्याचा अर्थच पालटला.

हा मथळा खोटा ठरवायला एक नोंद पुरते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. रत्नागिरीच्या कुठल्याही बंदरावर चाळिशी ओलांडलेल्या माणसाला फयान हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पन्नास बातम्या चुकीच्या आणि एक अहवाल बरोबर, असं होऊ शकतं, कारण पन्नासांनी एकमेकांचं पाहून लिहिलेलं असतं. तो पन्नास वेळा उमटलेला एकच स्रोत असतो.

वर्गात हे असं करता येतं. तीन मथळे फळ्यावर लिहा. मुलांना प्रत्येकात चार गोष्टी अधोरेखित करायला सांगा: काय, कुठे, कोणत्या महिन्यात, कधीपासून. एखाद्या मथळ्यात एक गोष्ट गायब दिसते, तिथे बोट ठेवायचं. मग विचारायचं, हे या वार्ताहराला कोणी सांगितलं? बातमीत ‘हवामान खात्यानुसार’ असेल तर खात्याच्या अहवालाकडे जायचं. शोधताना अडचण येते ती स्पेलिंगची. फयानचं इंग्रजी स्पेलिंग पी-एचने सुरू होतं, मुलं एफने शोधतात आणि ‘सर, काही नाहीच’ म्हणून परत येतात.

“शेवटी संदर्भयादी आहे, मग काळजी नको”

यादी असणं आणि यादीत तेच म्हटलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी. कोकमाचा प्रकल्प घ्या. ‘कोकमाने वजन घटतं, संशोधनाने सिद्ध’ असं सांगणाऱ्या पानांचा आधार असतो हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल. ते कोकमाच्या सालीत असतं, हे खरं. पण माणसांवरचा गाजलेला अभ्यास कोकमावर झालेला नाही. तो गार्सिनिया कॅम्बोजिया या कोकमाच्या भाऊबंदातल्या दुसऱ्या झाडाच्या अर्कावर झाला. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो छापला गेला. १३५ माणसं, १२ आठवडे, निम्म्यांना अर्क आणि निम्म्यांना बिनऔषधी गोळी. निष्कर्ष: वजन घटण्यात दोन गटांत लक्षणीय फरक नाही.

म्हणजे झाड वेगळं आणि निकाल उलटा. संदर्भ उघडल्याशिवाय हे दिसत नाही. नववीच्या मुलाला आख्खा शोधनिबंध वाचायला लावू नये. सुरुवातीचा सारांश पुरतो, आणि त्यात चार प्रश्नांची उत्तरं शोधायची: कशावर केलं (माणूस, उंदीर की परीक्षानळी), किती जणांवर, किती दिवस, आणि शेवटी काय आढळलं. सारांश इंग्रजीत असतो. तो शिक्षकांनी आधी वाचून कठीण पाच-सहा शब्दांचे अर्थ फळ्यावर द्यावेत, नाहीतर मुलं शीर्षकावरून निकाल ओळखू पाहतात.

एआयने दिलेल्या संदर्भांनाही हेच लागू. तिथे एक पायरी आधी घ्यावी लागते, ती म्हणजे तो निबंध अस्तित्वात तरी आहे का, हे पाहण्याची. शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं. कुठेच सापडलं नाही तर तो संदर्भ वहीत घ्यायचा नाही.

“सरकारी आकडा म्हणजे शेवटचा शब्द”

रत्नागिरी जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या एका ठिकाणी १६,१२,६७२ दिसते, दुसरीकडे १६,१५,०६९. दोन्ही जनगणनेचेच. पहिला आकडा तात्पुरता, दुसरा अंतिम. म्हणून आकड्याशेजारी साल लिहून भागत नाही, टप्पाही लिहावा लागतो.

दुसरी गफलत हद्दीची. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. १९७१ साली छापलेला रत्नागिरीचा आकडा आजच्या दोन्ही जिल्ह्यांचा मिळून आहे. तो आजच्या आकड्याशेजारी ठेवून ‘लोकसंख्या घटली’ म्हटलं तर ती हद्दीची घट. २००१ ते २०११ मध्ये मात्र हद्द तीच असताना १६,९६,७७७ वरून आकडा खाली आला. ही खरी घट, आणि मुंबईकडे होणाऱ्या स्थलांतराबद्दल प्रकल्पात लिहायचं तर या आकड्यांवर लिहावं. सरकारी पानाच्या तळाशी ‘शेवटचे अद्ययावत’ म्हणून जी ताजी तारीख असते ती बहुधा संकेतस्थळाची असते, आकड्याची नसते.

मग शिकवायचं काय?

पान डोळ्यांत तेल घालून वाचण्याआधी ते सोडून बाहेर जायचं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी ४५ जणांना, म्हणजे १० इतिहासकार, १० तथ्यतपासक आणि २५ विद्यार्थ्यांना, संकेतस्थळं पारखायला दिली. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची नावं जवळपास सारखी होती: एक १९३० ची मोठी, दुसरी २००२ मध्ये फुटून निघालेली छोटी. तथ्यतपासकांनी लगेच नवा टॅब उघडून ‘या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात’ ते शोधलं आणि फरक ओळखला. विद्यार्थी आणि काही इतिहासकारही पानावरच रेंगाळले, नीटनेटकी मांडणी पाहत बसले आणि चकले.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एकच दावा घ्यावा. चार मुलांत एक मोबाइल पुरतो. रेंज नसेल तर अहवालाचं पान आदल्या दिवशी उतरवून छापून आणावं. वहीत तीन रकाने: दावा जसाच्या तसा, हे कोण म्हणतं आणि त्याला कसं कळलं, मुळात काय लिहिलंय. पहिल्या खेपेला दुसऱ्या रकान्यात ‘गुगल’ किंवा ‘इंटरनेट’ येणारच. त्यावर रागावू नये, ‘गुगलला कोणी सांगितलं?’ एवढंच विचारावं. ‘जाहिरात’ असं लिहिलेले वरचे निकाल सोडून खाली जायला सांगावं. मूळ सापडलं नाही तर तिसऱ्या रकान्यात तसं स्पष्ट लिहू द्यावं आणि त्याला पूर्ण गुण द्यावेत. नाहीतर मुलं रकाना भरायला काहीतरी रचतात.

सुरुवात निसर्गच्या मथळ्यापासून करावी. घरात फयान आठवणारं कोणी असेल तर त्यांचं म्हणणं दुसऱ्या रकान्यात त्यांच्या नात्यासह लिहावं, तारीख मात्र हवामान खात्याच्या अहवालातून घ्यावी.