‘वडिलांचा क्यू बदलून दिला’ या एक स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

वडिलांच्या स्नूकरच्या क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, दुरुस्तीबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान आवरताना वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला, सिंहगड रोडवरून दोन चकरा फुकट पडल्या, त्याबद्दल मनापासून सॉरी. फोन उचलला नाही ही तक्रार आहे, तर लेथ, म्हणजे लाकूड कातायचं मशीन, चालू असताना मी फोनला हात लावत नाही, हाताला पाच बोटं आहेत ती तशीच राहावीत एवढीच इच्छा. पण तुम्हाला हे तिकडे बसून कळायला मार्ग नव्हता, मान्य.

आता पुढचं. तीन आठवडे लावले, नुसत्या पॉलिशचे ३८०० घेतले, दुकानाबाहेर कळकट चिंध्या लटकवलेल्या असतात, हे सगळं तुम्ही लिहिलंत. लिहा, गिऱ्हाइकाचा हक्क आहे. पण शेवटी जे लिहिलंय की "हा माझ्या वडिलांचा क्यू नाहीच, शाफ्टवर आधी सात बाण होते आता आठ आहेत, वजनही हलकं लागतंय, जुनं चांगलं लाकूड ठेवून घेतलं आणि दुसरं दिलं", ते वाचून मला जेवण गेलं नाही. सरळ चोरच म्हणालात की हो. आमचे वडील याच गाळ्यात कातकाम करायचे, लाटणी, पाळण्याचे खांब, देवघराचे खांब, शुक्रवार पेठेत कुणालाही विचारा एक वस्तू इकडची तिकडे झाली का ते. मी क्यूचं काम त्याच लेथशेजारी बसून करतो. त्यामुळे बाणांचं जरा सविस्तरच सांगतो, लांबलं तर लांबू दे, वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल.

तुमचा शाफ्ट, म्हणजे क्यूची टोकाकडची निमुळती काठी, अ‍ॅशचा आहे. अ‍ॅशमध्ये झाडाच्या दर वर्षाच्या वाढीचा थर ठळक दिसतो, एक बाजू दाट, एक बाजू बारीक छिद्रांची. क्यू हा टिपकडे, म्हणजे बॉलला लागणाऱ्या चामड्याच्या टोकाकडे, निमुळता होत जातो, म्हणजे तो थर कुठेतरी तिरका कापला जातो आणि जिथे कापला जातो तिथे वर बाणासारखा आकार उठतो, टोक टिपच्या दिशेने. तो बाण कुणी कोरलेला नसतो की रंगवलेला नसतो, तो लाकूड किती तासलंय त्यावर ठरतो. आता गंमत अशी आहे की क्यूचा उतार फारच कमी असतो, टिपपाशी दहाच्या आसपास मिलिमीटर आणि पार खाली बटला, म्हणजे हातात धरायच्या जाड टोकाला, एकोणतीसच्या आसपास, मधे जवळजवळ दीड मीटर लांबी. इतक्या कमी उतारावर वरून कागदाच्या जाडीएवढं लाकूड जरी निघालं तरी बाणाचं टोक सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बटकडे सरकतं. पाव मिलिमीटर निघालं तर तीन-चार सेंटिमीटर. आणि टिपपाशी जो थर आधी बाहेरच आलेला नव्हता तो आता बाहेर येतो, म्हणजे एक नवा बाण दिसायला लागतो. तुमचा आठवा बाण कुठे आहे बघा, पार टिपजवळ आहे. बटकडचे बाण जुन्या फोटोशी जुळवून बघा, ते जवळपास जिथल्या तिथे आहेत. दुसरा क्यू दिला असता तर वरचे सरकले आणि खालचे जुळले असं झालं असतं का, तुम्हीच सांगा.

मग लाकूड काढलं का, हा पुढचा प्रश्न. सर, ते तुम्हीच काढायला सांगितलंत. क्यू आणलात तेव्हा टिप दहाची होती, तुम्ही म्हणालात मला जाड वाटते, साडेनऊ करा, टीव्हीवर सगळे साडेनऊच वापरतात. (सगळे वापरत नाहीत, पण तो वेगळा विषय.) मी तेव्हाच बोललो होतो की वडिलांची वस्तू आहे, फेरुल बारीक करायची म्हणजे नुसती पितळेची टोपी बदलून चालत नाही, खालचा शाफ्टसुद्धा हातभर लांबीपर्यंत उतरवत आणावा लागतो नाहीतर तिथे पायरी पडते आणि ब्रिजवरून, म्हणजे टेबलावर टेकवलेल्या हातावरून, क्यू सरकताना ती बोटाला टोचते, एकदा तासलं की परत चिकटवता येत नाही, घरी विचार करा आणि मग सांगा. त्यावर रात्री तुमचा व्हॉट्सअ‍ॅप आला, "करा हो बिनधास्त, खेळायचं मलाच आहे." तो मेसेज अजून आहे माझ्याकडे. इथे टाकत नाही, तुमचा नंबर दिसेल.

वजनाचं. क्यू घेताना आपण काट्यावर ठेवला तेव्हा ४८४ ग्रॅम होता, देताना ४८२, दोन्ही आकडे तुमच्या पावतीच्या मागच्या बाजूला माझ्या अक्षरात आहेत. दोन ग्रॅम म्हणजे तो वरचा भुसा आणि जुनी फेरुल. हातात हलका लागतो तो कदाचित यामुळे की टिपकडचं टोक कमी झालं की तोल किंचित मागे जातो, पुढून कमी ओढतो. दोन दिवस खेळलात की हाताला सवय होईल.

आणि ओळखायचंच असेल तर बाण मोजूच नका, बट बघा. एबनीच्या, म्हणजे काळ्या लाकडाच्या, चार जिभा अ‍ॅशमध्ये शिरल्यात ना, त्या हाताने बसवलेल्या आहेत, मशीनच्या असत्या तर चारी टोकं एका उंचीवर तीक्ष्ण आली असती. तुमच्या क्यूवर बॅजच्या डावीकडची जीभ बाकीच्यांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर बुटकी आहे आणि तिचं टोक जरा गोलसर आहे. जुन्या फोटोतही तसंच आहे. बटच्या बुडाला १७ हा ठोकलेला आकडा आहे, औंसात वजन, जुन्या सिंगल पीस, म्हणजे अखंड, क्यूवर असा ठोकायचे. तो आकडा मळाने भरला होता, तुम्हाला माहीतच नव्हता, मीच टाचणीने साफ करून तुम्हाला दाखवला आणि तुम्ही काउंटरवर त्याचा फोटो काढलात. तोच फोटो तुम्ही रिव्ह्यूला लावलाय, सर. आता मला सांगा असा दुसरा क्यू, त्याच १७ चा, तीच जीभ बुटकी असलेला, मी आणायचा कुठून? भवानी पेठेत टिंबर मार्केटला साग मिळेल, शिसव मिळेल, पण क्यूला लागतो तसा सरळ रेघेचा वर्षानुवर्षं वाळलेला अ‍ॅश काही कुणी रचून ठेवलेला नाही. बदलायचं काम मला ३८०० ला परवडलंच नसतं हो.

तीन आठवड्यांबद्दल. ऐन आखाडात, पाऊस धो धो, आणि तुम्ही तो सत्तावन्न इंचाचा सिंगल पीस क्यू अ‍ॅक्टिव्हावर पायापाशी उभा धरून आणलात, वर साडीच्या दुकानाची पिशवी बांधलेली, खालचं अर्धं उघडं. लाकूड ओल पिऊन फुगलेलं होतं. त्याच दिवशी साडेनऊला तासला असता तर थंडीत सुकून साडेनऊच्या खाली गेला असता आणि फेरुल खुळखुळली असती, म्हणून आधी तो नुसता आडवा ठेवून दिला. मग जुनं चिकट व्हार्निश काढलं, दोन ठिकाणी टेबलाच्या कडेवर आपटून खड्डे पडले होते तिथे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेले तंतू वर येतात, तो प्रकार केला. मग लिनसीड, म्हणजे जवसाचं तेल. ते थिनरसारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि दमट हवेत त्याला आणखी वेळ लागतो. पातळ हात मारायचा, पुसायचा, थांबायचं, परत. लॅकर मारून दोन दिवसात चकाचक दिला असता, पण खेळताना घाम आला की बोटाला चिकटतं, तुमची मूळ तक्रार तीच होती ना? गणपतीच्या आत देतो म्हणालो होतो, गणपतीच्या आत दिलाय.

त्या चिंध्याही तेलाच्याच. लिनसीडची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापतात आणि पेट घेतात, म्हणून पसरून वाळत घालावी लागतात. दिसतं घाण, कबूल. आजूबाजूला सगळे लाकडी वाडे आहेत, मला दिसण्यापेक्षा ते बरं वाटतं.

पैशांचं जास्त बोलत नाही. फेरुल, टिप, शाफ्ट उतरवणं, खड्डे उठवणं, तेल, असा आकडा आधी सांगितला होता आणि तुम्ही हो म्हणाला होतात. टिप तर दोन टाकल्या, पहिली मला पटली नाही म्हणून कापून काढली, तिचे पैसे लावलेले नाहीत.

एक वाक्य मात्र राहून राहून आठवतंय, "असलं काम इंग्लंडलाच पाठवायला पाहिजे होतं, इथे कुणाला काय कळतंय." पाठवा की, तिकडे उत्तम कारागीर आहेत, मीही त्यांचं काम व्हिडिओत थांबवून थांबवून बघतो. पण स्नूकर जन्माला आला १८७५ ला आपल्या जबलपूरला, ब्रिटिश ऑफिसरांच्या मेसमध्ये, आणि स्नूकर-बिलियर्ड्सचा जगज्जेता पंकज अडवाणीचा जन्म पुण्याचा आहे. त्यामुळे मला कातकाम येतं असं सिद्ध होत नाही हे मला कळतं, तरी पण "इथे कुणाला काय कळतंय" हे जरा जास्तच झालं.

यापुढे काम घेताना शाफ्टचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवायचं असं डोक्यात आहे, माणूस एकटा आहे त्यामुळे कसं जमतंय बघू. फोनसाठी पण काहीतरी करतो, पुतण्या संध्याकाळी बसेल म्हणालाय. बाण सरकतात हे लिहून काउंटरवर लावावं असंही मंडळी म्हणतायत, पण पुण्यात आधीच पाट्यांवरून लोक हसतात.

रिव्ह्यू ठेवायचा की बदलायचा ते तुमच्यावर. फक्त ते "बदलून दिला" एवढं वाक्य काढता आलं तर बघा, दोन स्नूकर पार्लरवाले माझ्याकडे महिन्याचे क्यू देतात, त्यांनी ते वाचलंय आणि एकाने काल फोन करून विचारलं. माझं पोट यावरच आहे.

आणि हो, टिप नवीन आहे, आठ-दहा फ्रेम, म्हणजे डाव, झाल्या की दबून कडेने फुगेल, ती घरी ब्लेडने कापू नका, पितळेवर ओरखडे उठतात. चारनंतर कधीही घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे घेत नाही. येताना पाऊस असेल तर रिक्षाने या.