नियम टिकला तर कंपनी येते

सोलापूरला फोन लावला की हल्ली बोलणं लगेच ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर घसरतं. मोहोळचा आतेभाऊ म्हणतो, जुन्या मोटारसायकलचं ॲव्हरेज पडलं. अकलूजकडचे काका म्हणतात, इथेनॉल नसतं तर उसाची बिलं आणखी रखडली असती. दोघंही खरंच बोलतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. दुसरीकडे साखर गोदामात पडून राहते, तर इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर हातात येतात. वाद फक्त इथेनॉल चांगलं की वाईट एवढ्यावरच अडकून पडतो, हे मला खटकतं.

मी फिनलंडमध्ये, युवास्कुला शहरात राहतो. १९५१ पासून इथे रॅली, म्हणजे मोटारींची शर्यत भरते आणि टोयोटाच्या जागतिक रॅली संघाचा तळही इथेच आहे. त्यामुळे इंजिनाच्या नियमांची चर्चा इथे कॅन्टीनमध्येसुद्धा चालते. ती ऐकताना मला सोलापूरचे साखर कारखाने आठवतात, कारण दोन्हीकडे खरा प्रश्न एकच: नियम किती काळ टिकणार?

१९८७ पासून जागतिक रॅलीत ग्रुप ए नावाच्या गटाचा नियम होता: जी गाडी पळवायची, तशा ५,००० गाड्या आधी बनवायच्या. पुढे ही अट २,५०० वर आली. लॅन्सिया डेल्टा, सुबारू इम्प्रेझा, मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशन या गाड्या लोकांच्या दारात आल्या त्या या अटीमुळे. पण टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी हजारोंनी खपवणं प्रत्येक कंपनीला परवडणारं नव्हतं. १९९७ मध्ये अट सैल झाली. साध्या हॅचबॅकवर दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि फोर व्हील ड्राइव्ह बसवून उतरायची मुभा मिळाली, आणि दोनच वर्षांत प्यूजो, स्कोडा, सिॲट आत आल्या. १९९९ च्या हंगामात सात कंपन्या होत्या.

आज वरच्या गटात टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्डच्या गाड्या पळवणारी एम-स्पोर्ट, एवढेच उरले आहेत. त्याचं सगळं खापर नियमांवर फोडता येत नाही. सुबारू आणि सुझुकी २००८ च्या मंदीत गेल्या, फोक्सवॅगन २०१६ मध्ये डिझेल घोटाळ्यानंतर. पण २०१७ मध्ये टोयोटा परतल्यानंतर नवं कोणी का आलं नाही? २०२२ मध्ये १.६ लिटरच्या टर्बो इंजिनाला १०० किलोवॉटची हायब्रिड मोटर जोडायची सक्ती झाली. विजेकडे वळणाऱ्या कंपन्यांना ओढून आणायचा हेतू होता. गाडी प्रचंड महाग झाली आणि नवी कंपनी एकही आली नाही. मग २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाने फेब्रुवारीत बदल जाहीर केले, संघांनी विरोध केल्यावर जूनमध्ये नियम आहेत तसेच राहतील असं सांगितलं, आणि नोव्हेंबरमध्ये २०२५ साठी हायब्रिड काढूनच टाकलं. तीन हंगामांसाठी ओतलेले पैसे आणि मेहनत बाजूला पडली. बाहेर उभी असलेली कंपनी हे सगळं पाहते, आणि तिच्या संचालकांना पैसे मागायला कोणी धजत नाही.

याच खेळात खालचा गट भरलेला आहे. या गटाचं नाव रॅली२. त्यात इंजिन तेवढ्याच आकाराचं, १.६ लिटर टर्बो, पण नियम बराच काळ मुळात तसाच राहिला आहे. स्कोडाने फाबियाच्या शेकडो गाड्या खासगी संघांना विकल्या. टोयोटा २०२४ मध्ये उतरली, आता लॅन्सियाही परतली आहे. म्हणून २०२७ चा नियम मला पटतो: रॅली२ च्याच धर्तीचं सुमारे ३०० अश्वशक्तीचं इंजिन, गाडीच्या किमतीला ३,४५,००० युरोची मर्यादा आणि दहा वर्षांचं चक्र. यातलं दहा वर्षांचं आश्वासन मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

आता सोलापूर. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात. सरकारने वीस टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं, तेव्हा कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारल्या, वाढवल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गळीत हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवड्याभरात थोडी ढील मिळाली, पूर्ण बंधन उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला. तोवर कर्जाचं व्याज काही थांबलं नव्हतं. ते शेवटी सभासदाच्या, म्हणजे ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्याच माथी येतं.

पाऊस कमी झाला होता, साखर महागली असती, हे मला मान्य आहे. काही वेळा नियम रातोरात बदलावाच लागतो. १९८६ मध्ये कोर्सिकाच्या रॅलीत चालक हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो अपघातात जळून गेले, तेव्हा ग्रुप बी हा त्या वेळचा सगळ्यांत ताकदवान गाड्यांचा गट बंद करायचा निर्णय लगेच झाला, आणि तो योग्यच होता. पण आपल्याकडे अवर्षण ही अचानक कोसळणारी गोष्ट नाही. सोलापूरकराला तर ते सांगायलाच नको. साठा अमुक इतका खाली गेला तर रसाचा वापर तमुक इतका कमी, हे आधीच लिहून ठेवता आलं असतं.

वाहनधारकाचंही तेच. फिनलंडमध्ये २०११ साली ई-१० आलं, पण जुन्या गाड्यांसाठी पंपावर ई-५ आजही मिळतं, थोडं महाग. ज्याची गाडी सोसत नाही, त्याच्यासमोर दुसरा नोझल आहे. आतेभावासमोर तो नाही. ई-२० ला चालणारे भाग गाड्यांमध्ये बसवणं एप्रिल २०२३ पासून सुरू झालं, त्याची मोटारसायकल त्याच्या कितीतरी आधीची.

आता ई-२७ ची भाषा सुरू झाली आहे. ते आणायचं तर तारीख, कोणत्या सालापासूनच्या गाड्यांना चालेल ते, आणि जुन्यांसाठी ई-१० किती वर्षं मिळेल ते, हे सगळं एकाच अधिसूचनेत यायला हवं. उसाच्या रसाचा कोटा तर दरवर्षी दिवाळीच्या आधी, गाळप सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हायला हवा, म्हणजे किती ऊस साखरेला आणि किती डिस्टिलरीला, हे कारखान्याला मोळी टाकण्याआधी ठरवता येईल.