‘लिव्हर साफ, शुगर माफ’ म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपपासून माहेरच्या ग्रुपपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा झकास: ‘लिव्हर साफ, शुगर माफ’. आत पाच दावे. मधुमेह हा आजारच नाही, ती लिव्हरमध्ये साचलेली घाण. सडपातळ, निर्व्यसनी माणसानं काळजी करू नये. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, नॉर्मल आली की विषय संपला. लिव्हरच्या पेशंटनं डाळी-अंडी सोडून रोज १६ तास उपाशी राहावं. आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीनं लिव्हर सडतं, म्हणून ती बंद करून गुळवेलीचा काढा प्यावा.

सगळंच खोटं असतं तर डिलीट करून मोकळं होता आलं असतं. पंचाईत ही की लिव्हर आणि साखरेचं नातं खरं आहे, आणि त्या खऱ्याच्या आडून बाकीचं घरात शिरतं. शिवाय सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ निघालेला माणूस आणि पोटात पाणी झालेला सिरोसिसचा (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याचा) पेशंट या दोघांना हा मेसेज एकाच पंगतीला बसवतो. घोळ तिथेच आहे.

आधी ती ‘घाण’. लिव्हरमध्ये घाण नाही, चरबी साचते. जेवल्यावर स्वादुपिंडातून सुटलेलं इन्सुलिन सगळ्यात आधी लिव्हरमध्ये पोचतं आणि सांगतं: साखर बनवणं थांबव, आलेली साठव. चरबीनं भरलेलं लिव्हर हे धड ऐकत नाही. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि ते जादा इन्सुलिन लिव्हरला आणखी चरबी बनवायला लावतं. या टप्प्यावर खरा इलाज वजन उतरवणं. पाच टक्के उतरलं तरी चरबी कमी होते. सूज ओसरायला सात ते दहा टक्के लागतात. ८० किलोच्या माणसाला हे साडेपाच ते आठ किलो होतात, आणि ते उतरून तसेच राहायला हवेत. ‘लिव्हर साफ’ करणाऱ्या हिरव्या रसाच्या बाटलीनं ते होत नाही.

सिरोसिसमध्ये गाडं वेगळ्याच वाटेनं जातं. निरोगी लिव्हर आलेल्या इन्सुलिनपैकी साधारण निम्मं पहिल्याच फेरीत काढून टाकतं. सिरोसिसमध्ये लिव्हर कडक होतं, बरंचसं रक्त त्याला वळसा घालून पुढे जातं, आणि इन्सुलिन अंगभर फिरत राहतं. पण स्नायू त्याला दाद देत नाहीत. ते स्वतःच झडत चाललेले असतात. म्हणजे लिव्हरच्या आजारातून मधुमेह उपजू शकतो, हे खरंच. बर्नहार्ड नाउनिन या जर्मन डॉक्टरांनी १८९८ मध्येच त्याला यकृतजन्य मधुमेह म्हटलं होतं. हेपॅटायटिस सीचा विषाणूही इन्सुलिन रेझिस्टन्स वाढवतो, आणि औषधांनी तो गेला की अनेकांची साखर सुधारते. तिथे काम विषाणूविरोधी गोळ्या करतात, ‘डिटॉक्स’ नव्हे.

सडपातळांना भीती नाही, हा दावा निदान पुण्यात तरी कोणी करू नये. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक हातपाय आणि पुढे आलेलं पोट ही आपली ठेवणच. तेव्हा वजनकाट्यासोबत कंबरेला टेपही लावा: पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की तपासणी करून घ्यावी. दारूला शिवलेलं नसणं चांगलंच, पण फॅटी लिव्हर त्यावर थांबत नाही.

आता एचबीएवनसी. हा दावा मला सगळ्यात खटकतो, कारण तो शिकलेल्या लोकांनाही पटतो. ही तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते, आणि लाल पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते हे त्यात गृहीत धरलेलं असतं. सिरोसिसमध्ये पाणथरी (प्लीहा) वाढते आणि लाल पेशी लवकर मोडते. त्यातून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांमधून रक्त गेलेलं असेल, रक्ताच्या बाटल्या चढवलेल्या असतील, तर रक्तात नव्या किंवा दुसऱ्याच्याच पेशी जास्त. त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटाच कमी येतो. समजा एक रिपोर्ट असा आहे: हिमोग्लोबिन ८.५, प्लेटलेट ७० हजार, एचबीएवनसी ५.४. शेवटचा आकडा पाहून पेढे वाटण्याआधी पहिले दोन बघा, दोन्ही बरेच कमी आहेत. उपाशीपोटीची साखरही इथे फसवते. लिव्हरमधला साठा आटलेला असल्यानं ती सकाळी ९० येते आणि जेवणानंतर दोन तासांनी २४० होते. म्हणून या पेशंटमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करायची तपासणी किंवा जेवणानंतरची साखर महत्त्वाची. डॉक्टरांनी ती लिहिली नसेल तर विचारायला लाजू नये.

उपास आणि ‘प्रोटीन बंद’ हा भाग निव्वळ घातक. चरबीवाल्या, वजनदार, बाकी धडधाकट माणसानं रात्रीचं जेवण लवकर उरकलं तर काही बिघडत नाही. सिरोसिसवाल्याचं तसं नाही. निरोगी लिव्हर साधारण १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं आणि रात्र त्यावर निघते. सिरोसिसमध्ये ती पुंजीच नसते. रात्रीच्या एका उपासानं त्याच्या शरीराची जी गत होते, ती व्हायला निरोगी माणसाला दोन-तीन दिवस उपाशी राहावं लागतं. मग शरीर स्नायू मोडून साखर बनवतं. स्नायू गेले की साखर जिरवायची जागा गेली, अमोनिया आवरायची जागाही गेली. म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सही वाढला आणि अमोनिया डोक्यात चढून येणाऱ्या भ्रमिष्टपणाचा धोकाही. म्हणूनच आज लिव्हरचे डॉक्टर नेमकं उलटं सांगतात: किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन, दिवसातून चार-पाच वेळा खाणं, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी पोटात. दूध-भाकरी, मूगडाळीचं धिरडं, दही-पोहे असं काहीही, साखर बघून. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रोटीन लागतं. वरणाच्या पातळ पाण्यानं ते भरत नाही. पोटात पाणी असेल तर मीठ मोजून, एवढं पथ्य पाळावं. डाळ-अंडी बंद करण्याची जुनी चाल केव्हाच मागे पडली आहे.

मेटफॉर्मिननं लिव्हर सडत नाही. बळावलेल्या सिरोसिसमध्ये, किडनी कमजोर असताना किंवा दारू चालू असताना डॉक्टर ती टाळतात, ते रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याच्या भीतीनं. गुळवेल मात्र निरुपद्रवी नाही: काढा घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. आणि मेसेज ज्या गोळीचं नावच घेत नाही ती ग्लिमेपिराइड, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी. मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत ती आपल्याकडे सर्रास दिली जाते. साठा आटलेल्या लिव्हरच्या माणसानं ती घेऊन १६ तासांचा उपास धरला, तर पहाटे साखर ५० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बरळणं सुरू होतं आणि घरच्यांना वाटतं लिव्हरच डोक्यात गेलं. अशा वेळी आधी ग्लुकोमीटर लावा. साखर कमी असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर साखरपाणी पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल गाठा.