झाकण उघडू नका

कोंबडीला आरतीचा वास येऊ शकतो, हे मला गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं.

नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी पहिल्यांदा बार्बेक्यूची शेगडी मांडली, तेव्हा कोळसे काही केल्या पेटेनात. शेवटी देवघरातली कापराची डबी गुपचूप वर नेली. कोळसे भडकले, आणि त्या भडकलेल्या जाळावरच मी तंगड्या मांडल्या. मसाल्यात मध सढळ हाताने ओतला होता. मांस शिजायच्या कितीतरी आधी साखर जळते, हे त्या दिवशी डोळ्यांदेखत पाहिलं. बाहेरून डांबर, आतून गुलाबी. सेक्रेटरींनी एक घास घेतला आणि डोळे मिटले. बायको म्हणाली, "अहो, टाळ्या वाजवा आता, 'सुखकर्ता' म्हणू या."

वास्तविक जाणकार माणूस आमच्या गेटबाहेरच उभा असतो. इस्त्रीवाले काका. त्यांचं सगळं आयुष्य लोणारी कोळसा फुलवण्यात गेलेलं. कोळसा मी त्यांच्याकडूनच घेतला होता, अक्कल मात्र यूट्यूबकडून. यंदा क्रम बदलला.

"साहेब, जाळ दिसतोय तोवर मी इस्त्रीत कोळसा भरतो का? शर्ट जळंल तुमचा. राख चढू द्या. पांढुरका झाला की मग तो कामाचा."

त्याला 20-25 मिनिटं लागतात. आच किती, हे बघायला जाळीच्या वर अर्ध्या वितीच्या अंतरावर तळहात धरून आकडे मोजायचे. दोन-तीनला हात मागे आला तर आच कडक, सहा-सातपर्यंत टिकला तर मध्यम. मी दोनलाच ओरडलो. काकांचा हात पंधरापर्यंत जागचा हलला नाही. म्हणजे हे मापसुद्धा ज्याच्या त्याच्या कातडीवर आहे.

मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी आणि एकादशी वगळून कमिटीने तारीख दिली. अटी अशा: पाण्याची बादली हवी, वाळू हवी, शाकाहाऱ्यांची जाळी वेगळी हवी आणि धूर 'बी' विंगकडे जाता कामा नये. शेवटची अट धुराला वाचून दाखवायची जबाबदारी कोणाची, ते परिपत्रकात नव्हतं. खाडीवरून वारा सुटला आणि धूर सरळ 'बी' विंगच्या वाळत घातलेल्या चादरींकडे गेला.

मी निखारे एका बाजूला सारले आणि अर्धी शेगडी रिकामी ठेवली. लगेच चेअरमन म्हणाले, "या बाजूला कोळसे टाकायचे राहिले वाटतं." त्यांना सांगितलं, की तंगडी रिकाम्या बाजूला झाकणाखाली निवांत शिजते. चरबी निखाऱ्यांवर ठिबकत नाही, म्हणून भडका उडत नाही. शेवटची दोन मिनिटं निखाऱ्यांवर धरली की रंग येतो. ते "हो, हो" म्हणाले आणि झाकण उघडून आत बघितलं.

हाच तो छळ. आपल्याकडे बंद झाकण कुणाला बघवत नाही. एकदा उघडलं की साठलेली ऊब पळून जाते आणि शिजण्याचा वेळ वाढतो. त्या संध्याकाळी झाकण किती जणांनी उघडलं, ते मोजायचं मी नवव्या माणसापाशी सोडून दिलं. दहावी माझी सासू होती.

त्यात अलिबागहून मेहुणा आलेला. मी तंगडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसला तेव्हा तो कळवळला. "दाजी, ताप आलाय का तिला?"

74 अंशांना कोंबडी खायला निर्धोक होते, हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "आमच्या पोपटीला कुठं लागतं हे? मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, मीठ. मडकं पालथं घालायचं, भोवती जाळ. वरून पाणी शिंपडलं आणि चर्र झालं की झाली पोपटी. आणि पालथ्या मडक्याचं झाकण कोण उघडतोय?"

या शेवटच्या वाक्यावर मला एकदम गलबलून आलं.

पनीरच्या काड्या पाण्यात अर्धा तास भिजवायच्या राहिल्या होत्या, त्यामुळे पनीर शिजायच्या आत काड्या पेटल्या आणि शाकाहारी जाळीवर छोटीशी दिवाळी झाली. तंगड्या मात्र साधल्या. मध मी शेवटी, निखाऱ्यांवर नेतानाच लावला. खाली उतरवून पाच मिनिटं तशाच राहू दिल्या, म्हणजे रस आतच राहतो. त्या पाच मिनिटांत दोन तंगड्या नाहीशा झाल्या. मेहुण्याच्या मिशीला मध लागलेला होता. मी काही बोललो नाही.

पहिली तंगडी मी मानाने काकांपुढे धरली. त्यांनी हात जोडले आणि गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. राखेत भाजलेला एक बटाटा मात्र मीठ लावून आवडीने खाल्ला.

जाताना म्हणाले, "निखाऱ्यांवर पाणी ओतू नका. झाकण आणि खालची भोकं बंद करा, हवा तुटली की विझतील. उरलेला कोळसा मला चालंल." मी पहाटे बादलीभर नेऊन दिला.

सोमवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये शेजारच्या माणसाने दोनदा नाक वर केलं आणि विचारलं, "डब्यात तंदुरी आहे का हो?"

डबा त्या दिवशी मी नेलाच नव्हता. शर्ट तेवढा कडक इस्त्रीचा होता.