लेंगा, लेगिंग आणि क्रेडिट नोट

बायकोने सांगितलं होतं, "काळी लेगिंग आण, अँकल लेंथ." मी आणली ती काळी होती. तेवढंच जमलं.

ती बदलायला काल लक्ष्मी रोडला गेलो. काउंटरवरच्या मुलीने ती दोन चिमटींत धरून भर दुकानात ताणली. "काका, ही जेगिंग आहे. जीन्ससारखी दिसते ना!" दिसते खरी. खिशांची नुसती शिवण, आत बोट शिरत नाही. "पाऊल झाकलं तर टाइट्स, घोट्याशी थांबली तर अँकल लेंथ, घोट्यावर चुण्या पडल्या तर चुडीदार. तुम्हाला कुठली?"

मला घरी जायचं होतं.

नवऱ्यांसाठी ठेवलेल्या स्टुलावर पांढऱ्या लेंग्यातले एक आजोबा सुनेची वाट बघत बसले होते. ते म्हणाले, "अहो, लेगिंग म्हणजे आपला लेंगाच. साहेबाने उचलला."

"आजोबा, लेग म्हणजे पाय. त्यावरून लेगिंग."

"मग पायजम्यात काय हात घालतात? पाय आपलाच ना?"

"तो फारसी आहे."

"फारसी पाय वेगळा असतो का?"

याला उत्तर नव्हतं. आजोबांना जोर चढला. "खाकी आपली. जोधपुरी आपली. डंगरी तर मुंबईच्या डोंगरीची, तिथल्या जाड्याभरड्या कापडाची. आता राहिली काय? जीन्स!"

"ती इटलीतल्या जिनोआची."

"आणि डेनिम?"

"फ्रान्समधल्या नीम गावचं."

"बघा! कडुनिंब!"

अख्खं दुकान हसलं. काउंटरवरची मुलगीसुद्धा, जी माझ्याकडे बघून एकदाही हसली नव्हती.

माझा भाचा इंग्लंडात असतो. तिकडे पॅन्ट म्हणजे आतली चड्डी. त्याने ऑफिसात "पॅन्टवर कॉफी सांडली" म्हटल्यावर सगळे छताकडे बघायला लागले. अमेरिकेत गेला असता तर तीच पॅन्ट आपोआप वर आली असती. असल्या भाषेच्या जिवावर हे लोक आपल्याला कपडे विकणार, आणि चुकलं की चूक आपली! माझ्या आजोबांनी जन्मभर एकाच शब्दाची विजार घातली. तिला खिसे होते, खरे. चार नावं शोधायला वेळ आहे, बायकांच्या कपड्याला एक खिसा लावायला नाही.

शेवटी कळलं, टॅग काढलाय, पैसे परत नाहीत, आणि काळ्या अँकल लेंथमध्ये साइज नाही. क्रेडिट नोट मिळाली. तीन महिने चालते.

म्हणजे पुन्हा जायचंच आहे.