सेट म्हणे!

"अहो, ग्राइंडर मारून घ्या ना, दोन मिनिटांचं काम आहे."

पुण्याचा पार्टवाला सांगतोय. दोन मिनिटांचं! गाड्यांची सीटं शिवायच्या माझ्या दोन सुयांच्या शिलाई मशीनला तीन सुताचा गेज सेट, म्हणजे दोन शिवणींतलं अंतर ठरवणारे सुटे भाग, मागवला होता मी. तीन सूत, 3/8 इंच, 9.5 मिलिमीटर, एका सुईच्या मध्यापासून दुसऱ्या सुईच्या मध्यापर्यंत. फोनवर सांगितलं, लिहून पाठवलं, पट्टीवर तीन सूत दाखवून फोटो धाडला. त्यावर अंगठा आला. पहिल्या पार्सलमध्ये सुया धरणारा क्लॅम्प, खालची प्लेट आणि माल सरकवणारे दाते आले, बरोब्बर तीन सुताचे. "फूट (माल दाबणारे पाय) मागनं येतायत." बरं. तेवढ्यात इचलकरंजीचा मिस्त्री मोकळा सापडला. तो मोकळा सापडतोय म्हटल्यावर कोण थांबेल? त्यानं खाली फिरून सुईचा धागा पकडणारे दोन्ही हुक सैल करून बाहेर सरकवले, सुई-हुकाचं टायमिंग बांधलं, चहा पिऊन, पैसे घेऊन गेला. मग दुसरं पार्सल आलं. आउटर फूट तीन सुताचा. इनर फूट, म्हणजे सुया ज्याच्या दोन भोकांतून उतरतात तो आतला पाय, दोन सुताचा.

म्हणजे दोन्ही सुया भोकांच्या प्रत्येकी 1.6 मिलिमीटर बाहेर. सुई उतरते तिथं भोक नाही, लोखंड आहे. चाक हातानं फिरवलं म्हणून नुसतं टक् झालं. पेडल मारलं असतं तर 22 नंबरच्या सुईचं टोक डोळ्यात असतं. आणि हा पुण्यात बसून सांगतोय ग्राइंडर मारा. अरे बाबा, भोक बाहेरून वाढवलं तर बाजूची भिंतच उरत नाही, मग रेक्झिन दाबून धरणार कोण, तू? वर घासलेल्या कडेला नायलॉनचा धागा अडकून चिरतोय तो वेगळाच. हे सगळं शांतपणे सांगितलं. (शांतपणे म्हणजे शेजारच्या गॅरेजवाल्यानं रेडिओ बंद करून ऐकलं एवढ्या शांतपणे.) तर म्हणतो, "सगळे असंच नेतात." कोण सगळे? एकाला आणा माझ्यासमोर.

परत घ्या म्हटलं, तर म्हणे सेट आहे, परत द्यायचा तर सगळा द्या. पाठवताना हप्त्यानं आणि परत घेताना सेट! म्हणजे क्लॅम्प काढा, प्लेट काढा, दाते काढा, हुक पुन्हा दोन सुतावर आणा, पुन्हा मिस्त्री, पुन्हा चहा. हुकाचं टोक आणि सुई यांच्यात कागद जेमतेम जाईल एवढी फट ठेवायची असते, तीही एका हुकाला नाही, दोन हुकांना. ते काम ज्यानं एकदा केलंय तो ते पुन्हा करायच्या आधी देवाला नारळ फोडतो.

आणि मिस्त्री तरी काय! फोन केला तर "येतो की." कधी? "येतो की." आधीचा एकजण तर शंभर फुटी रोडवर छातीठोक सांगत होता की एका सुईच्या मशीनलाच डबल क्लॅम्प टाकू, होतंय की. खाली हुक एक, बॉबिन एक, आणि वर सुया दोन, तीन सुतावर! दुसऱ्या सुईचा धागा खाली पकडणार कोण? "बघू की, होतंय." सांगली जिल्ह्यात काय होत नाही ते मला एकदा कुणीतरी सांगा.

मशीन घेतानाही हेच. सेकंडहँड मशीन बघायला गेलं की मी पहिला प्रश्न विचारतो, 2019 च्या पुराच्या पाण्यात होती का? छे छे, आमच्याकडं पाणीच नव्हतं. सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि मशीन विकणाऱ्या एकाच्याही घरात शिरलं नाही! बेड उचलून बघा, कोपऱ्यात गाळ अजून बसलेला असतोय.

गिऱ्हाईक तर विचारूच नका. मोबाइलवर परदेशी गाडीचं सीट दाखवायचं, काळ्यावर लाल धागा, मधल्या जोडाच्या दोन्ही अंगाला सारखी शिवण, "असंच पाहिजे." लाल धागा काढला त्या माणसाचं काय करावं? काळ्यावर काळं असलं की अर्धा मिलिमीटर हललेला देवालाही दिसत नाही. लाल असला की मोटरसायकलवरून जाणाऱ्यालाही दिसतो. चुकलं तर उसवून पुन्हा मारा म्हणतात. रेक्झिनला पडलेलं भोक बुजत नाही, साहेब. उसवलं की तो पीस पायपुसणं.

त्यात दोन बॉबिन. सारख्या भरा, धाग्याला सारखं टेन्शन लावा, तरी एक आधी संपणारच, आणि ती नेमकी पाठीच्या लांब पट्टीच्या मधोमध संपणार. वरून दोन्ही शिवणी झकास दिसतात. पीस उलटा केला की एक शिवण अर्ध्यातच गेलेली. यावर अजून कुणी इलाज सांगितला नाही. व्हिडिओवाले सांगतात, पण त्यांच्या हातात कायम चार बोटांचा तुकडा असतो. अख्खं सीट शिवून दाखवा.

काल रात्री मशीनपुढं बसून हे सगळं मोठ्यानं चाललं होतं, तर आतनं बायको म्हणाली, "एवढ्या रात्री फोनवर कोण आहे?" कोण नाही म्हटलं. "मग ऐकतंय कोण?" यावर काय बोलणार? इनर फूटनं पण काही उत्तर दिलं नाही. तो हातात घेऊन बसलो होतो मी, पदक मिळाल्यासारखा.

तोवर गाडीवाल्याचं काम एका सुईच्या मशीनवर, गाइड लावून, एकदा जाताना आणि एकदा येताना. समांतर येतंय, पण मान कामातून गेली. आणि त्याला पाहिजे लालच.

तर सांगली, मिरज, कुपवाड, कुणाकडंही तीन सुताचा इनर फूट पडून असेल तर कळवा. फोटो नको. व्हर्नियर कॅलिपर लावा आणि दोन भोकांच्या मध्याचं माप पाठवा.