पालथी खुर्ची

फोंड्याला मामेभावाकडे सत्यनारायण होता. प्रसादाला अजून अवकाश, म्हणून मी मंडपातली एक प्लास्टिकची खुर्ची पालथी केली आणि मोबाईलच्या उजेडात तिचं पोट तपासू लागलो.

"कितें रे सोदता?" मावशीने विचारलं.

"गेट."

मावशीने निमूटपणे अंगणाच्या फाटकाकडे बोट दाखवलं.

आता तिला काय सांगणार? गेट म्हणजे साच्यात वितळलेलं प्लास्टिक जिथून शिरतं ती जागा. सीटखाली मधोमध बेंबीसारखा खडबडीत ठिपका असतो, तोच. तिथून पॉलीप्रॉपिलीन दाबाने आत घुसतं आणि साधारण मिनिटभरात हात, पाय, पाठ यांसकट अख्खी खुर्ची जन्माला येते. बेंबी सापडली तेव्हा मी आनंदाने ओरडलो. पण तोवर मांडवभर झालं होतं, 'मुदी सांडली!' म्हणजे अंगठी हरवली. सात-आठ जण खुर्च्या उपड्या करत होते. भटजींनी तिसऱ्या अध्यायात थांबून स्वतःचा पाट उचलून पाहिला.

दोष त्या डिझाईनच्या ऑनलाईन वर्गाचा. तसा मी पणजीत हिशेब लिहिणारा माणूस. आईची आदोळी, म्हणजे विळी, नव्याने घडवावी, एवढ्याच इच्छेने नाव घातलं. सर म्हणाले, आधी काढू नका काही, घरातली वस्तू कशी बनली ते बघा. बघायला लागलो आणि वापरणं संपलं. बादली तळाशी निमुळती का? साच्यातून सुटावी म्हणून. सांदणं वाटीतून अलगद निघतात ती वाटीच्या उतारामुळे, तसंच. वर बादल्या एकात एक बसतात तो फायदा वेगळाच. पेनच्या टोपणाला टोकाशी भोक असतं, ते पोराने टोपण गिळलं तर श्वास चालू राहावा म्हणून. हे कळल्यापासून मी टोपणाला मान देतो.

रिमोटला मात्र देता आला नाही. त्याला स्क्रू एकच, बाकी सगळा आतल्या चिमुकल्या आकड्यांचा, म्हणजे हुकांचा, खेळ. त्या वाकतात, खाचेत अडकतात, की झालं. सोडवायच्या कशा, हे वर्गात पुढच्या आठवड्यात होतं. कट्ट. आता रिमोट रबर बँडवर आहे आणि घरचे माझ्याशी बेताचंच बोलतात.

शेवटी परवा मोजपट्टी घेऊन आदोळीपुढे बसलो. फळी, वाकडं पातं, टोकाला दाते, बस. आदोळीला जमिनीवर घट्ट धरून ठेवणारं काहीच दिसेना. मग आई तिच्यावर बसून मासळी चिरताना आठवली आणि उजेड पडला. बसणाऱ्याचं वजन हाच क्लॅम्प! वहीत लिहिलं, 'बसणारा माणूस = सुटा भाग, फुकट.'

आईने मागून वाचलं. नारळाच्या दोन वाट्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "मग बस की. सुटा भाग मोकळाच दिसतोय."